उसना किल्ट चालायचा नाही

आर्डलीन,
२ मे १९७६

प्रिय लॉक्लन,

जो कधी घालत नाही त्याचा किल्ट, की जी रोज सांभाळते पण घालू शकत नाही तिचा? पदवी मिळवली, शाळेत पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देते, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. म्हणून तुलाच विचारते आहे.

फेब्रुवारीत आजोबा गेले तेव्हापासून त्यांचा किल्ट मीच बघते. आईने पेटीत ठेवायला दिला होता, मी पेटीतून बाहेर काढला. पेटीत निऱ्या चेपतात. आता तो माझ्या खोलीत कमरेच्या बाजूने टांगलेला असतो. ब्रश वरून खाली एकाच दिशेने फिरवते, आजोबा फिरवायचे तसा. कसर लागू नये म्हणून दलदलीतल्या त्या वासाच्या झुडपाच्या डहाळ्या आणून बाजूला बांधल्या आहेत. इस्त्रीच्या आधी प्रत्येक निरी कच्च्या टाक्याने बांधते, ओलं फडकं घालते आणि इस्त्री नुसती दाबते, ओढत नाही. माझ्या खोलीला आता आजोबांचा वास येतो: लोकर, तंबाखू आणि थोडी मेंढी.

आता मुद्दा. बँडला बॅगपाइप वाजवणारे कमी पडताहेत. आजोबा गेले, तू कॅनडात, आणि सुतारांच्या नीलचा दम आता शिडी चढतानाही पुरत नाही. बँड आता पोस्टवाल्या हेक्टरकडे आहे. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, १४ ऑगस्टच्या खेळांना, बँडच्या स्पर्धेत मी वाजवते. आजोबांनी आपल्या दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं हे त्याला ठाऊकच आहे.

तो म्हणाला, "मुलगी आहेस म्हणून मी नाही म्हणणार नाही. फुंकतंय कोण ते पाइपला काय कळतंय? पण घालशील काय?"

"आजोबांचा किल्ट."

"तो लॉक्लनचा. आणि उसना किल्ट चालायचा नाही, पोरी. हा नियम माझा नाही, तुझ्याच आजोबाचा."

खरं आहे. नीलने मेहुण्याचा किल्ट उसना घातला, तो ऐन मैदानात, परीक्षकांच्या समोर त्याच्या गुडघ्यांशी आला, आणि त्या संध्याकाळी आजोबांनी नियम केला: स्वतःचा घाला, नाहीतर घरी बसा. दुसऱ्याच्या मापात चालणारा माणूस सुरापेक्षा कमरेकडेच जास्त लक्ष देतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

रीतीप्रमाणे किल्ट थोरल्या नातवाचा. मला ते मान्य आहे. म्हणून चोरून घालण्यापेक्षा सरळ मागते: लॉक्लन, तो मला दे. हेक्टरला दाखवता येतील अशा दोन ओळी तुझ्या हाताने लिही. तुझ्याकडे तिथे लाकडाची गिरणी आहे, पगार आहे, आणि म्हणे एक लोरेनही आहे. माझ्याकडे ही एकच गोष्ट मागण्यासारखी आहे.

तुझी,
मर्सली


ब्रिटिश कोलंबिया,
२० मे

पदवीधर बाई, सप्रेम नमस्कार!

हे पत्र यंत्रावर टाइप केलंय म्हणून घाबरू नकोस, सरकारी नोटीस नाही. लोरेनच्या ऑफिसात यंत्र आहे आणि मला सध्या त्याचं वेड लागलंय. 'म' कुठे आहे ते सापडेपर्यंत चहा गार होतो, एवढंच.

बातमी अशी की ऑक्टोबरात आमचं लग्न आहे. चर्च लहान आहे, पण लोरेनचे नातेवाईक अख्खी दरी भरून आहेत. सगळे मला विचारतात, तू स्कॉटलंडचा ना, मग त्या दिवशी तरी घालणार ना? मी छाती फुगवून सांगून बसलोय की घालणार, आजोबांचा घालणार.

तेव्हा राणीसरकार, तो किल्ट इकडे पाठवून द्या. तू अॅबर्डीनला पदवीच्या वेळी घेतलेला तो काळा झगा आहे ना, तो घालून पाइप वाजव. हेक्टर भूत पाहिल्यासारखा पळत सुटेल.

रागावू नकोस. रीत तूच लिहिलीस, थोरल्या नातवाचा म्हणून. आजोबांनी निऱ्यांच्या आतलं कापड कधी कापू दिलं नाही ते कुणासाठी? 'लॉक्लन भरला की त्याला मोठा करून देता येईल.' हे तूही ऐकलं आहेस.

आई कशी आहे? माझ्या तीन पत्रांना तिचं उत्तर नाही.

लॉक्लन


आर्डलीन,
६ जून

लॉक्लन,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा लक्षात आलं की बहिणीने हाताने दोन ओळी मागितल्या होत्या, आणि भावाने यंत्र लावलं.

आई तुला का लिहीत नाही हे खरंच कळत नाही का? आजोबांची शवपेटी खांद्यावर घ्यायला सहा माणसं लागतात. आपल्या घरचा एकही खांदा नव्हता. दफनभूमीपर्यंतचा रस्ता आईने मान वर न करता चालला. तुझी तार आली, 'रजा मिळत नाही.' त्यावर ती एवढंच म्हणाली, "झाडं काय पळून जाणार होती?" त्यानंतर तुझा विषय निघाला की ती चुलीतले निखारे उकरत बसते.

आणि किल्टचं म्हणशील तर तू शेवटचा घातलास दोन वर्षांपूर्वी, खेळांच्या दिवशी; आजोबा आजारी होते, 'पुढे तुझाच आहे' म्हणून त्यांनीच दिला होता. पाऊस होता. घरी येऊन तो तू चुलीवरच्या दांडीवर टाकलास आणि हॉटेलात निघून गेलास. गरम चुलीवर लोकर! मी आले तेव्हा मागच्या निऱ्या आवळून पापडासारख्या झाल्या होत्या. शिवाय पिन तू दोन्ही पदरांतून खोचली होतीस, वाऱ्याने उडू नये म्हणून. पिन फक्त वरच्या पदराला लावायची, ती वजनासाठी असते, कुलूप म्हणून नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. तू पहिल्याच ढांगेला कापड फाडलंस. आतल्या कडेचे धागे काढून ते मी रफू केलं. आजोबांनी बोट फिरवून पाहिलं आणि मला चहा ओतून दिला.

हे तुला टोचावं म्हणूनच लिहिलंय.

तरीही रीत ती रीत. आई म्हणते, "मुलाची वस्तू मुलाकडे जाऊ दे, मग तो तिचं काहीही करो." हेक्टर म्हणतो, "त्याने मागितलाय ना? मग विषय संपला." माझ्या मते विषय संपलेला नाही, पण मी किल्ट दाबून ठेवणार नाही. दोन गोष्टी कळव, मी पाठवते.

एक, तुझं माप. कंबर बेंबीच्या पातळीवर मोज, पँट जिथे घालतोस तिथे नाही. मग नितंबांचा घेर, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी. लोरेनला मोजू दे, तू वाकलास की सगळं चुकेल.

दोन, लग्नात तू कुठली धून वाजवणार आहेस? आजोबांचा किल्ट घालून कुणी मुका उभा राहिलेला मला चालणार नाही.

मर्सली


ब्रिटिश कोलंबिया,
२४ जून

मर्सली,

कंबर चौतीस. बाकी आजोबांएवढंच धर. पार्सल विम्याने पाठव.

आईला माझा नमस्कार सांग, निखारे उकरणं थांबलं असेल तर.

लॉक्लन


आर्डलीन,
८ जुलै

लॉक्लन,

तुझं चौतीस मी पोस्टातच हेक्टरला दाखवलं. तो काउंटरवर डोकं टेकून हसला. "हे पँटचं माप आहे! पँट पोटाच्या खाली बांधायची आणि म्हणायचं मी बारीक! या गावात आजवर एकाही पुरुषाने पहिल्या फटक्यात खरं माप सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबानेसुद्धा नाही." एरवी मीही हसले असते.

आता जे लिहिते ते मला पहिल्याच पत्रात लिहिता आलं असतं. हा किल्ट तुला होणार नाही. घेर वाढवता येईल, त्यासाठी आत कापड आहे. लांबी नाही. आजोबा माझ्याएवढे होते, तू त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहेस. किल्टला खाली दुमड नसते, खालचा काठ म्हणजे विणकराने सोडलेला कापडाचा मूळ काठ. उसवून सोडायला तिथे काहीच नाही. तुझ्या अंगावर तो मांडीवर थांबेल, शाळेच्या पहिल्या दिवशी आईने तुला घातला होता तसा. दोन वर्षांपूर्वीही तू तो पोटाखाली ओढून बांधला होतास, आणि बायका तोंडावर हात धरून हसत होत्या ते तू पाहिलं नाहीस.

हे मला मे महिन्यातच माहीत होतं. लिहिलं नाही, कारण तुला आखूड पडला म्हणून उरलेला मला नको होता. तू दिलास म्हणून हवा होता.

पण तू धुनेचं उत्तर दिलं नाहीस. आपल्या घरात माणूस जेवायचं विसरेल, पण कुठली धून वाजवणार हे विचारलं की अर्धा तास बोलेल. आणि तू 'पार्सल विम्याने पाठव' म्हणतोस. मला वाटतं, तू पाइप सोडून दिलास. पैसे आले, बायको येते आहे, आता किल्ट फक्त फोटोपुरता हवा. तसं असेल तर स्वच्छ लिही, आणि स्वतःच्या हाताने लिही. यंत्रावर आलेलं पत्र मी यापुढे उघडणार नाही.

मर्सली


ब्रिटिश कोलंबिया,
१९ जुलै

मर्सली,

हाताने लिहितोय. डाव्या. एवढं लिहायला सकाळपासून बसलोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

उजव्या हाताची दोन बोटं गिरणीत गेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. फेब्रुवारीत, आजोबा गेल्याची तार आली त्याच्या चार दिवस आधी. मी इस्पितळात होतो. रजेची तार लोरेनने केली, मीच तिला तसं लिहायला सांगितलं.

पाइपची खालची भोकं आता झाकता येत नाहीत. करून पाहिलं. सरावाची नळी घेऊन कोठारात बसतो, वरचे चार सूर येतात आणि मग वारा नुसता निघून जातो.

आजोबांना मातीत द्यायला मी नव्हतो. त्यांनी शिकवलेलं माझ्या हातात राहिलं नाही. मग मी त्यांचा कोण? वाटलं, किल्ट तरी अंगावर असेल. आखूड पडतो हे मलाही माहीत आहे ग. बायका हसत होत्या तेही मी पाहिलं होतं.

'घे' असं लिहायला पेन टेकवलं, होत नाही. 'देत नाही' असंही होत नाही. अर्धा अर्धा करू म्हणावं, तर आठ वारांचा घेर चार वारांत कसा डोलणार? तूच ठरव. मला विचारू नकोस.

आईला बोटांचं सांगू नकोस.

लॉक्लन


आर्डलीन,
२२ ऑगस्ट

प्रिय लॉक्लन,

तुझं पत्र मी शाळेच्या पायरीवर वाचलं आणि तिथेच बसून राहिले. मी तुला जे जे लिहिलं, मुका उभा राहशील, फोटोपुरता हवा, ते परत घेता येत नाही. चुकीचं होतं एवढं मात्र लिहिते. आता ठरव म्हणालास, म्हणून ठरवलं. कसं ते क्रमाने सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वेगळं ऐकायला मिळणार नाही.

आधी आई. मी तिला सांगितलं. तू नको म्हणाला होतास, तरी सांगितलं. सहा महिने ती एका अशा मुलावर रागावून बसली होती जो मुळात नव्हताच, आणि तू ते सोसत होतास. हे मला बरोबर वाटलं नाही. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली. मग विचारलं, "कुठली बोटं?" मी माझ्या हातावर दाखवली. ती म्हणाली, "मग चमचा कसा धरतो?" मला माहीत नव्हतं. "तुम्ही दोघं इतकी पत्रं लिहिता आणि हे विचारत नाही?" असं म्हणून ती मागच्या दाराने बाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. उरलेले बटाटे तिने सोलले ते मात्र ओबडधोबड, निम्मं साल तसंच ठेवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी किल्ट खिडकीपाशी टेबलावर पसरला आणि कमरपट्टीचा पहिला टाका उसवला. आई दारात उभी होती. मला वाटलं, ओरडणार.

"आधी निऱ्या कच्च्या टाक्यांनी बांध, वेडे! नाहीतर लाल रेघ हातातून निसटेल, मग शोधत बस." लग्नाआधी ती इन्व्हर्नेसला किल्टच शिवायची, हे मी विसरूनच गेले होते. तिने चष्मा लावला आणि समोर बसली. आजोबांचा किल्ट पलटणीच्या पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक निरीच्या मधोमध चौकड्यांतली तीच लाल रेघ. रेघ न हलवता प्रत्येक निरी थोडी जास्त आत घ्यायची, आणि नितंबांपासून कमरेकडे निमुळती करत न्यायची. "म्हातारा सरळसोट लाकूड होता," आई म्हणाली. "तू तशी नाहीस. टाका लहान घाल. याहून लहान. तुला पदवी दिली कुणी?"

चार दुपारी आम्ही शिवत होतो. त्यात आई तुझ्याबद्दल जेवढं बोलली तेवढं तू गेल्यापासून बोलली नव्हती.

मग ते आतलं कापड आलं. निऱ्या जास्त आत घेतल्यावर कमरेपाशी एवढी जाडी झाली की मी पिंपासारखी दिसायला लागले. आई म्हणाली, "एकतर हे असंच ठेव आणि पिंप हो, नाहीतर आतलं काप. पण कापलंस तर हा किल्ट पुन्हा कधी मोठा होणार नाही. म्हाताऱ्याने ते लॉक्लनसाठी राखलं होतं, तुला माहीत आहे."

"तू काप," मी म्हटलं.

तिने कात्री माझ्याकडे सरकवली. "मी नाही. ज्याला घालायचाय त्याने कापायचं."

लॉक्लन, मी कापलं. आजोबांनी जे तुझ्यासाठी ठेवलं होतं तेच मी कापलं, हे समजून उमजून. तुझी बोटं गेली म्हणून तुझा हक्क गेला, असं मी एक क्षणही मानलं नाही. तुला दोन्ही हात असते तरी मी हेच केलं असतं, फक्त त्याआधी तुझ्याशी आणखी भांडले असते. मी वाजवते, मला तो बसतो आणि मला तो हवा आहे. इतकी साधी गोष्ट मी मे महिन्यापासून कुणाच्या तरी सहीने व्हावी म्हणून थांबले होते.

खेळांच्या आदल्या सरावाला मी तो घालून गेले. हेक्टर माझ्याभोवती फिरला, घोडा विकत घ्यायला आल्यासारखा.

"लॉक्लनने शब्द दिला?"

"नाही."

"मग उसनाच की."

"हेक्टरकाका, मी तो माझ्या मापाला शिवलाय."

"शिवलेलं उसवता येतं, पोरी."

"आतलं कापलंय."

तो थांबला. "तू? स्वतः?" त्याने आईकडे पाहिलं. ती तिथे कधीच येत नाही, त्या दिवशी भिंतीला टेकून उभी होती. तिने मान हलवली. हेक्टरने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "तर मग हा आता या गावात दुसऱ्या कुणाला होणार नाही."

"नाही."

"झालं तर. उभी राहा नीलच्या जागेवर. आणि जागा त्याची म्हणून त्याच्यासारखं हळू चालायचं नाही."

१४ तारखेला मैदानात मी वाजवलं. दुसऱ्या वळणाला माझा एक सूर घसरला. तिसऱ्या वळणाला समुद्रावरून वारा आला, मागच्या निऱ्या एकदम उघडल्या आणि परत आपल्या जागी बसल्या. कमरेकडे माझं एकदाही लक्ष गेलं नाही. बँड तिसरा आला. हेक्टर म्हणतो परीक्षक बहिरा होता, पण हे तो दरवर्षी म्हणतो.

आता तुझं. तू विचारतोस, मग मी त्यांचा कोण? आजोबा आपल्या दोघांना एका बाकावर बसवायचे तेव्हा माझ्या चुकलेल्या बोटावर काठी मारायचे, आणि तुझ्या चुकलेल्या बोटावर स्वतःचं बोट ठेवायचे. मला तेव्हा फार राग यायचा. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच आहे.

आईने तुझ्यासाठी कापड मागवलंय, त्याच रंगांचं, तुझ्या उंचीला पुरेल असं. बेतणार ती, टाके घालणार मी. आतलं कापायचं नाही असं तिने आताच जाहीर केलंय, कारण लोरेनचा स्वयंपाक कसा आहे ते तिला माहीत नाही. माप लोरेनने घ्यायचं आणि परतीच्या टपालाने पाठवायचं. बेंबीवर, लॉक्लन. पोट आत ओढलंस तर लग्नात श्वास घेता येणार नाही.

ऑक्टोबरात बटाटे काढायला शाळेला सुट्टी असते. चर्चच्या दारात तुमच्या पुढे पाइप वाजवत मी चालेन. धून तू निवड आणि कळव. या वेळी अर्धा तास बोललास तरी चालेल.

परवा इन्व्हर्नेसला गेलो होतो. आई आजवर विमानात बसलेली नाही. तरी काउंटरवर मी तोंड उघडायच्या आधीच तिने त्या माणसाला सांगितलं, "कॅनडा. दोन."

तिकिटं घेऊन आलो आहोत.

तुझी,
मर्सली